'शक्ती' आणि महाविष्णूच्या पुढे: जॅझ-फ्यूजनमधले कमी ऐकले जाणारे वादक शोधायचे कसे?

राजारामपुरी_७वीगल्ली

नमस्कार मंडळी. जॉन मॅक्लॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांच्या 'शक्ती'चे १९७० च्या दशकातले अल्बम, मॅक्लॉफ्लिनच्याच महाविष्णू ऑर्केस्ट्राचे पहिले दोन, वेदर रिपोर्ट, हर्बी हँकॉकचा 'हेड हंटर्स', माइल्स डेव्हिसचे 'काइंड ऑफ ब्लू' आणि 'बिचेस ब्रू' एवढं नीट ऐकून झालंय. आता पुढं जायचंय, पण स्पॉटिफायचं गाडं तिथंच रुतलंय. काहीही लावलं तरी फिरून तीच नावं येतात, आणि ऑटोप्लेवर सोडलं की थोड्या वेळानं 'कॅफे जॅझ' छापाचं गुळमुळीत काहीतरी सुरू होतं.

कान ख्याल आणि नाट्यसंगीतावर तयार झालेला आहे. ताल मोजता येतो, स्वर ओळखता येतात, पाश्चात्य नोटेशन वाचता येत नाही. कोल्हापुरात या संगीतातलं कुणाला विचारावं असं दुकान नाही. नुसती यादी नकोय, याद्या ढिगानं मिळतात. फारसे माहीत नसलेले पण खरोखर ताकदीचे वादक सापडायची पद्धत काय? नावं दिलीत तर कुठून सुरू करायचं आणि का, तेही सांगा.

---

बासचा_नाद

भावा, अल्बमवर ज्याचं नाव मोठ्या अक्षरात आहे त्याला सोड आणि साथीला कोण बसलंय ते बघ. मैफलीला जाताना तबल्यावर कोण आहे हे विचारतोसच की, तेच इथं करायचं. जॅझमध्ये कायमचे बँड कमी, त्या-त्या ध्वनिमुद्रणापुरती जमलेली मंडळी जास्त. आज जो दुसऱ्याच्या अल्बमवर साथीला आहे, त्याच्याच अल्बमवर पुढच्या महिन्यात तो दुसरा साथीला. स्वतःच्या नावावर मोजके अल्बम असलेला माणूस साथीदार म्हणून पन्नास ठिकाणी सापडतो. तुला हवेत ते लोक इथंच दडलेले असतात.

तुझ्याच यादीवरून करून दाखवतो. 'हेड हंटर्स'वर सॅक्सोफोन कुणाचा? बेनी मॉपिन. 'बिचेस ब्रू'मध्ये तळातून जो घोगरा, गुरगुरणारा आवाज येतो तो बास क्लॅरिनेट, तोही त्याचाच. या दोन्हींच्या मधल्या काळात तो हँकॉकच्या 'म्वान्दिशी' सेक्स्टेटमध्ये, म्हणजे सहा जणांच्या गटात होता. हेड हंटर्सच्या आधीचा हा गट, आणि त्याचे तीनच अल्बम: 'म्वान्दिशी' १९७१, 'क्रॉसिंग्ज' १९७२, 'सेक्स्टंट' १९७३. ते ऐकलेस की पुढच्या वाटा आपोआप फुटतात. मॉपिनचा स्वतःचा 'द ज्वेल इन द लोटस' १९७४ मध्ये ईसीएम कंपनीनं काढला. तो २००७ पर्यंत सीडीवर नीट मिळतच नव्हता, म्हणून नाव कमी झालं, काम कमी नाही. त्याच गटातला ट्रॉम्बोनवाला ज्युलियन प्रीस्टर, त्याचा 'लव्ह, लव्ह' हाही १९७४, ईसीएमच. ट्रम्पेटवाला एडी हेंडरसन, त्याचा 'रिअलायझेशन' १९७३. त्यावर हँकॉक, मॉपिन, बस्टर विल्यम्स, बिली हार्ट म्हणजे जवळजवळ अख्खा गट हजर आहे, फक्त पाटी बदललेली. एका नावाचं शेपूट धरलं तर तीन अल्बम हाती आले, आणि तिन्ही एकमेकांसारखे नाहीत. 'ज्वेल'मध्ये हवा जास्त आणि ठेका कमी आहे. 'हेड हंटर्स'सारखं काहीतरी मिळेल म्हणून लावशील तर पहिल्या पाच मिनिटांत बंद करशील, तेवढं सांभाळ.

दुसरं शेपूट लॅरी यंगचं. 'बिचेस ब्रू'वर इलेक्ट्रिक पियानो वाजवणाऱ्यांत हा आहे, पण मूळचा ऑर्गनवाला. त्याचा 'युनिटी' हा अल्बम नोव्हेंबर १९६५ मध्ये ध्वनिमुद्रित झाला. त्यात बासवादकच नाही, ते काम ऑर्गनवरच झालंय. सॅक्सोफोनवर जो हेंडरसन, ड्रमवर एल्विन जोन्स आणि ट्रम्पेटवर वीस वर्षांचा वूडी शॉ, त्यातल्या सहांपैकी तीन रचना त्याच्या. शॉला धरून पुढं 'ब्लॅकस्टोन लेगसी'वर जा, डिसेंबर १९७० चं काम. लॅरी यंगला धरून दुसऱ्या बाजूला गेलास तर टोनी विल्यम्सच्या लाइफटाइमचा 'इमर्जन्सी!' लागतो, १९६९ चा, गिटारवर तुझा मॅक्लॉफ्लिन. आवाज फाटका, घाणेरडा आहे. इअरफोन तपासत बसू नकोस, ध्वनिमुद्रणच तसं आहे.

प्रत्यक्षात करायचं ते असं. डिस्कॉग्स हे रेकॉर्डांच्या नोंदींचं संकेतस्थळ उघड, अल्बम शोध. एकाच अल्बमच्या बऱ्याच आवृत्त्या दिसतील, त्यातली पहिल्या सालची, मूळ देशातली आवृत्ती उघड. पुनर्मुद्रणाच्या नोंदीत वादकांची नावं बऱ्याचदा अर्धवट भरलेली असतात. खाली श्रेयनामावली असते. ड्रम किंवा बास वाजवणाऱ्याच्या नावावर क्लिक कर. त्याच्या पानावर 'क्रेडिट्स' विभागात फक्त वादनाच्या नोंदी निवड आणि सालाप्रमाणे लाव. नाहीतर संकलनं आणि 'बेस्ट ऑफ'चा पाऊस पडतो, शंभर नोंदींत खरे अल्बम वीस असतात.

ड्रम आणि बासच का, तर पुढं उभा राहणारा वादक आपली शैली घेऊन येतो, पण अख्ख्या अल्बमची चाल हे मागचे दोघं ठरवतात. सेसिल मॅकबी घे. चार्ल्स लॉइडच्या 'फॉरेस्ट फ्लॉवर'वर बास त्याचा, अ‍ॅलिस कोल्ट्रेनच्या 'जर्नी इन सच्चिदानंद'वर बहुतेक ठिकाणी त्याचाच, आणि स्वतःचा 'मुतिमा' १९७४ मध्ये स्ट्राटा-ईस्टवर. ही कंपनी चार्ल्स टॉलिव्हर आणि स्टॅन्ली काउएल या दोघा वादकांनी १९७१ मध्ये काढलेली. तिची यादी हा स्वतंत्र खजिना आहे, नाद खुळा.

माझा नियम: एखादं नाव तुला आवडलेल्या दोन वेगवेगळ्या अल्बमवर आलं तरच त्याच्या मागं लाग. एकदा आलं तर योगायोग समज. आणि ॲपमधल्या क्रेडिट्सवर विसंबू नकोस. जुन्या जॅझच्या बाबतीत तिथं गटप्रमुख, रचनाकार आणि निर्माता एवढंच असतं बऱ्याचदा, ड्रमवाला गायब.

---

एकताल_विलंबित

वरची पद्धत योग्यच. पण तुमचा कान ख्यालाचा आहे, त्यामुळे साथीदारांचा हाच माग भारतीय वादकांपासून काढून बघा. लवकर जम बसेल, आणि ही बाजू दुर्दैवानं आपल्याकडेच सर्वांत कमी ऐकली जाते.

सुरुवात केशव साठे यांच्यापासून करा. लंडनमध्ये १९६० च्या दशकात तबला वाजवणारे हे गृहस्थ दोन महत्त्वाच्या ठिकाणी सापडतात. पहिलं, जो हॅरियट आणि जॉन मेयर यांचा 'इंडो-जॅझ स्वीट', १९६६. हॅरियट जमैकाचा सॅक्सोफोनवादक, मेयर कलकत्त्यात जन्मलेला व्हायोलिनवादक-रचनाकार. पाच जॅझवाले आणि पाच भारतीय वाद्यांवरचे, असा दुहेरी संच, सतारीवर दिवाण मोतीहार. इथं उत्स्फूर्त वादनापेक्षा लिहिलेला भाग जास्त आहे. आलापाची वाट बघत बसाल तर निराश व्हाल, रचना म्हणून ऐका. दुसरं, १९६७ चा 'जॅझ मीट्स इंडिया'. स्वित्झर्लंडची पियानोवादक इरेन श्वाइत्सर हिचं त्रिकूट, सोबत पुन्हा मोतीहार आणि साठे. हे बरंच मोकळं, काही ठिकाणी बेबंद आहे. माझ्या मते दोन्हींत हेच जास्त धाडसी. त्यातला ड्रमवादक मानी नॉयमायर आणि बासवादक ऊली ट्रेप्टे यांनी पुढच्याच वर्षी 'गुरु गुरु' हा जर्मन रॉक गट काढला. म्हणजे तबल्याचा माग काढत तुम्ही थेट जर्मन रॉकच्या दारात पोचता.

दुसरं नाव अमान्सियो डिसिल्वा. मुंबईत १९३६ मध्ये जन्मलेला गोवेकर गिटारवादक. 'इंटिग्रेशन' १९६९, साथीला डॉन रेंडेल आणि इयन कार. त्याच वर्षी हॅरियटसोबत 'हम दोनो', त्यात नॉर्मा विन्स्टनचा शब्दांविना गळा. 'कोकण डान्स' नावाचं त्याचं ध्वनिमुद्रण तर कित्येक दशकं पडून होतं, ते २००६ मध्ये बाहेर आलं. इयन कारला धरून गेलात तर त्याचा न्यूक्लियस हा गट लागतो. 'इलॅस्टिक रॉक', १९७०. इंग्लंडातलं फ्यूजन माइल्सची नक्कल नव्हतं हे कळायला हा एक अल्बम पुरेसा आहे.

आता आपल्या गावाकडे. त्रिलोक गुर्टू हे नाव तुम्हाला माहीत असेल, मॅक्लॉफ्लिनच्या त्रिकुटामुळे. त्यांच्या आई शोभा गुर्टू. जन्म बेळगावचा, सुरुवातीची तालीम उस्ताद भूर्जी खाँसाहेबांकडे, म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांच्या धाकट्या चिरंजीवांकडे, इथं कोल्हापुरात. त्रिलोक यांच्या १९८८ च्या 'उस्फ्रेट' अल्बमवर शोभाताई गायल्या आहेत, आणि त्याच अल्बमवर डॉन चेरी, राल्फ टाउनर, एल. शंकर आहेत. देवल क्लबात बसून ऐकणाऱ्या पिढीला जो गळा परका वाटणार नाही, तो डॉन चेरीच्या ट्रम्पेटशेजारी ऐकायचा असेल तर हा अल्बम आधी काढा.

तिथून साखळी फार सुंदर जाते. टाउनर हा ओरेगॉन या गटाचा. त्यात सतार आणि तबला वाजवणारा कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये अपघातात गेला, नंतर तालवाद्यांवर त्रिलोक आले. वॉलकॉटचा 'ग्रेझिंग ड्रीम्स' १९७७, आणि चेरी व नाना वास्कोन्सेलोस यांच्यासोबतचं 'कोडोना', १९७९. एल. शंकर यांच्याकडून गेलात तर 'साँग फॉर एव्हरीवन', १९८५. त्यात यान गार्बारेक, झाकीरभाई आणि त्रिलोक एकत्र. चार्ली मारियानो या अमेरिकी सॅक्सोफोनवाल्यानं बंगळूरच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनसोबत केलेला 'ज्योती', १९८३, रामामणी यांच्या गायनासह, हाही लोक विसरले.

अलीकडचं हवं असेल तर रुद्रेश महंथप्पांचा 'किन्समेन', २००८, कद्री गोपालनाथ यांच्यासोबत. दोन सॅक्सोफोन, दोन परंपरा, आणि कुठंही 'प्राच्य रंग' फासलेला नाही. विजय अय्यर, प्रसन्ना आणि तबल्यावर नितीन मित्ता यांचा 'तीर्थ', २०११. आणि तबलावाल्यांसाठी खास: डॅन वाइस या ड्रमवादकानं २००५ मध्ये 'तीनताल ड्रमसेट सोलो' काढला, पेशकार-कायद्याचं एकल वादन ड्रमवर. पं. समीर चॅटर्जींकडे शिकलेला माणूस आहे, गंमत म्हणून केलेलं नाही.

---

उद्यमनगर_अ‍ॅम्प

नावं भरपूर झाली. शोधताना आणि ऐकताना घोळ कुठं होतो ते लिहितो.

नामसाधर्म्य. 'जॉन मेयर' टाका, अमेरिकी पॉप गिटारवाला येणार. कलकत्त्याचा मेयर हवा तर अल्बमचं नाव किंवा हॅरियटचं नाव जोडा. बिल इव्हान्स दोन आहेत: 'काइंड ऑफ ब्लू'वरचा पियानोवादक, १९८० मध्ये वारला, आणि १९५८ मध्ये जन्मलेला सॅक्सोफोनवादक, जो १९८० च्या दशकात माइल्सकडेही होता आणि महाविष्णूच्या १९८४ च्या अल्बमवरही आहे. ॲपवर अशा नावांची सरमिसळ होते, एकाच्या पानावर दुसऱ्याचे अल्बम. 'ओरेगॉन', 'न्यूक्लियस', 'शक्ती' ही नुसती नावं शोधात निरुपयोगी, भक्तिगीतांपासून काहीही येतं. कंपनी आणि कॅटलॉग क्रमांक माहीत असेल तर तो टाका. 'युनिटी'चा ब्लू नोट कंपनीचा क्रमांक ४२२१ आहे. यूट्यूबवर वेगवेगळ्या लिपीत नाव टाकणाऱ्यांचंही यानं सापडतं.

साल. ॲपवर दिसणारं साल पुष्कळदा पुनर्प्रकाशनाचं असतं. १९६५ चं काम २०१४ चं म्हणून दिसतं. शिवाय जॅझमध्ये ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन यांत अंतर असतं, कधी काही महिने, कधी तीस वर्षं. कोण कुणानंतर आला हे लावायचं असेल तर नेहमी ध्वनिमुद्रणाची तारीख घ्या. जॅझ डिस्कोग्राफी प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर ब्लू नोटसकट मोठ्या कंपन्यांच्या याद्या तारीखवार आहेत, फुकट.

बनावट माल. 'कॅफे जॅझ' याद्यांतले अनेक 'कलाकार' अस्तित्वातच नसतात. ओळखायची खूण: एकाही वादकाचं नाव नाही, स्टुडिओ नाही, तारीख नाही, सगळे ट्रॅक दोन-तीन मिनिटांचे, सोलो सुरू व्हायच्या आत आवाज मावळतो, आणि एका वर्षात डझनांनी अल्बम. यांना एकदा पूर्ण वाजू दिलं की शिफारशी आणखी बिघडतात. म्हणून ऑटोप्ले सेटिंगमधून बंद करा, शफल बंद, क्रॉसफेड शून्यावर. क्रॉसफेड चालू असेल तर एका ट्रॅकचं शेवटचं झांजेचं घुमणं दुसऱ्याच्या सुरुवातीखाली गाडलं जातं.

ऐकायचं साधन. डबल बासची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झ. फोनच्या स्पीकरला ते पेलत नाही, लहान ब्लूटूथ डब्याला अर्धवट. बास ऐकू आला नाही की सोलो कशावर चाललाय ते कळत नाही आणि माणूस म्हणतो 'नुसता गोंधळ आहे'. साधे वायरचे इअरफोन पुरतात, पण दोन्ही कानांत घाला. जुन्या स्टिरिओत वाद्यं डावी-उजवीकडे ठाम वाटलेली असतात. 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये कोल्ट्रेन डाव्या बाजूला आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली उजव्या. एकच कान लावून रंकाळ्यावर फिरलात तर एक सॅक्सोफोन घरीच राहिला. ३२० केबीपीएसला तासाला साधारण १४४ एमबी डेटा जातो. प्रवासात ऐकायचं तर घरच्या वायफायवर उतरवून घ्या.

हार्मोनियमवर स्वर पडताळणाऱ्यांसाठी: 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूचे तीन ट्रॅक जुन्या प्रतींवर किंचित चढे वाजतात. त्या दिवशीचं मुख्य टेप यंत्र हळू फिरत होतं, म्हणून नंतर वाजवताना सूर चढला. १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांपासून हे दुरुस्त झालंय. जुनी कॅसेट किंवा एलपी असेल तर पेटी जुळणार नाही.

---

गंगावेस_रात्रपाळी

एक विरोधी मत नोंदवतो. दुर्मिळ म्हणजे भारी असं काही नसतं मित्रा. डिस्कॉग्सवर एखाद्या अल्बमपुढं 'हवा आहे' म्हणणारे हजार आणि 'माझ्याकडे आहे' म्हणणारे दोनशे दिसले की किंमत चढते. ती कमी छापल्यामुळे चढते, वाजवल्यामुळे नव्हे. १९७० च्या दशकात छोट्या कंपन्यांनी काढलेल्या कितीतरी एलपींमध्ये एक चांगला ट्रॅक आणि बाकी भरती आहे. साथीदारांचा माग काढत गेलास तर आठवड्यात चाळीस अल्बम 'सेव्ह' होतील आणि ऐकून एकही होणार नाही. एक अल्बम निदान तीनदा: पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा फक्त बास आणि ड्रम, तिसऱ्यांदा एका सोलोवाल्याला धरून. मग पुढचा.

आणि सगळं न्यूयॉर्कहून कशाला आणायचं? पोलंडचा क्शिश्तॉफ कोमेदा, 'अस्टिग्मॅटिक', डिसेंबर १९६५ चं काम, ट्रम्पेटवर तरुण तोमाश स्तान्को. ब्लूजची छाया जवळजवळ नाही, तरी ते जॅझच आहे. जपानचा र्‍यो फुकुई, 'सीनरी', १९७६, साप्पोरोचा पियानोवादक. यूट्यूबच्या शिफारशींमुळे जगभर पोचला, म्हणजे ते यंत्र कधीमधी कामाचंही ठरतं. इथिओपियाचा मुलातू अस्तात्के, तिथले पाच स्वरांचे साचे व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावर. भूप-दुर्गा मुरलेल्या कानाला लगेच पटेल, पण दोन अल्बमनंतर थोडं एकसुरी वाटतं असं माझं मत. दक्षिण आफ्रिकेचा बेकी म्सेलेकू, 'सेलिब्रेशन', मॅकॉय टायनरच्या वाटेवरचा पण स्वतःचं घर असलेला पियानो.

कंपनी धरून शोधायचं असेल तर ईसीएमचा संग्रह नोव्हेंबर २०१७ पासून सगळ्या मोठ्या ॲप्सवर आलाय. पण ईसीएमची गोम अशी की घुमारा, शांतता, थंडपणा बहुतेक ठिकाणी सारखाच, सलग पाच ऐकलेत तर वेगळे ओळखू येणार नाहीत. मध्ये एखादा ब्लॅक जॅझ कंपनीचा अल्बम घाला, डग कार्न किंवा कॅल्विन कीज, म्हणजे तोंडाला चव येते.

इंटरनेट रेडिओ विसरू नका. कॅलिफोर्नियाचं केसीएसएम, न्यू जर्सीचं डब्ल्यूबीजीओ, फ्रान्सचं फिप जॅझ. माणसानं निवडलेलं वाजतं आणि वादकाचं नाव सांगतात किंवा पडद्यावर दिसतं. लंडनच्या एनटीएसचे जुने कार्यक्रम वाजलेल्या ट्रॅकच्या यादीसकट पडून आहेत, पैसे नाहीत. न्यूयॉर्क आपल्यामागं उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. तिथल्या रात्रीच्या कार्यक्रमांत सहसा कमी ऐकलेलं जास्त वाजतं, म्हणजे आपल्याकडे सकाळी आंघोळ-चहाच्या वेळेला.

---

राजारामपुरी_७वीगल्ली

एवढं सगळं एकदम मिळेल असं वाटलं नव्हतं, आभार. 'म्वान्दिशी' आणि 'उस्फ्रेट' यादीत वर घेतलेत. तीन उपप्रश्न. एक, सोलो चालू असताना आवर्तन कुठं सुरू झालं ते हरवतं, सम सापडत नाही, काय धरायचं? दोन, प्रत्यक्ष ऐकायला जवळात जवळ कुठं? तीन, घरात आजोबांच्या जुन्या रेकॉर्ड आहेत, त्यांच्यासोबत जॅझच्या एलपी घ्यायला सुरुवात करावी का?

---

एकताल_विलंबित

पहिल्याचं उत्तर. सम शोधू नका, कारण इथं समेवर येऊन सगळ्यांनी दाद द्यायची अशी अपेक्षाच नसते. आवर्तन मात्र असतं. बहुतेक जुन्या रचना ३२ बारांच्या, बार ४ मात्रांचा, म्हणजे १२८ मात्रांचं एक आवर्तन. त्याचे ८-८ बारांचे चार भाग: पहिले दोन सारखे, तिसरा वेगळा, चौथा पुन्हा पहिल्यासारखा. सोलो कितीही लांब गेला तरी खाली हेच आवर्तन फिरत राहतं. ब्लूज असेल तर १२ बार, म्हणजे ४८ मात्रा. तिसरा भाग ओळखायला शिका, तो सापडला की बाकी आपोआप लागतं.

सरावाला 'काइंड ऑफ ब्लू'मधला पहिलाच ट्रॅक, 'सो व्हॉट'. त्यात डोरियन हा स्वरसाचा आहे. डी हा षड्ज मानला तर सरळ काफी थाट, कोमल गंधार आणि कोमल निषाद. १६ बार असं चालतं, मग ८ बारांसाठी षड्जासकट सगळं अर्धा स्वर वर सरकतं, मग ८ बार पुन्हा खाली. तो सरकण्याचा क्षण बासमध्ये स्वच्छ ऐकू येतो. ख्यालाच्या कानाची अडचण हीच होते की आपण मनात तानपुरा लावून बसतो आणि षड्ज हलला की वादक बेसूर झाला असं वाटतं. तानपुरा बंद करा, त्या क्षणाचा आधार बासकडून घ्या.

मात्रा हरवत असतील तर ड्रमवाल्याचा डावा पाय ऐका. स्विंगच्या ठेक्यात हाय-हॅटची, म्हणजे पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीची, 'चिक्' २ आणि ४ वर पडते. टाळी १ आणि ३ वर द्यायची आपली सवय, ती मोडा. आणि 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं आहे म्हणून झपतालाचं निम्मं समजू नका. तिथं विभाग ३ आणि २ असा पडतो, आपला २ आणि ३. उलटा धरलात तर दर आवर्तनात पाय अडखळेल.

---

बासचा_नाद

दुसऱ्याचं. नियमित जॅझ कोल्हापुरात नाही, उगाच आशा दाखवत नाही. मुंबईत एनसीपीएमध्ये जॅझचे कार्यक्रम होतात. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री बसलास तर सकाळी सीएसएमटी, तिथून नरिमन पॉइंट जवळच. गोव्यातही जॅझ वाजतं, हंगामात जास्त. ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन, त्याच्या आगेमागे दोन्हीकडे आणि पुण्यात काही ना काही असतं, मार्च संपता-संपता घोषणांवर लक्ष ठेव. जायच्या आधी मंचावरच्या सगळ्यांची नावं काढ आणि ड्रमवाल्याचं काहीतरी आधी ऐकून जा.

विकत घ्यायचं तर मी बँडकँप या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर आधी पैसे घालीन. हयात वादकाला त्यातला मोठा वाटा मिळतो, फ्लॅक (दर्जा न घटवलेली) फाइल उतरवून कायमची आपल्याकडे राहते, आणि पानावर बहुतेक वेळा सगळ्या वादकांची नावं असतात. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू कर, नाहीतर पेमेंट अडकतं आणि कारण कळत नाही.

---

उद्यमनगर_अ‍ॅम्प

तिसऱ्याचं. परदेशातून एक-एक एलपी मागवणं तोट्याचं, टपालखर्च पुष्कळदा रेकॉर्डपेक्षा जास्त, वर सीमाशुल्क. घ्यायच्याच असतील तर एकाच विक्रेत्याकडून चार-पाच एकत्र.

आजोबांच्या रेकॉर्ड आधी तपासा. कडक, जड, पडली की फुटणारी आणि ७८ फेऱ्यांची असेल तर ती लाखेची. तिला अल्कोहोलवालं क्लीनर अजिबात लावू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाण्यानं ओलसर केलेलं मऊ कापड, मधल्या लेबलला पाणी लागू न देता. सुई वेगळी लागते. एलपीची बारीक सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाला घासते, आवाजही खराब आणि सुईही जाते. तीन मिल जाडीची सुई घ्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीसाठी साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला (सुई बसते तो भाग) साधारण १.८ ते २ ग्रॅम दाब, पण तुमच्या कार्ट्रिजच्या कागदावर जो लिहिलाय तोच अंतिम. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड वाचेल असं लोकांना वाटतं. उलट सुई खाचेत उडते आणि जास्त नुकसान करते.

आपल्याकडच्या पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते. रेकॉर्ड उभ्या ठेवा, आडव्या रचून नाही, भिंतीपासून चार बोटं लांब, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, आणि जून ते सप्टेंबर पुड्या बदलत राहा. प्लॅस्टिकचं बाहेरचं आवरण घट्ट बंद ठेवू नका, आत घाम धरतो.

---

गंगावेस_रात्रपाळी

त्या ७८ च्या रेकॉर्डांत चिक चॉकलेटचं नाव दिसतंय का बघ. मुंबईत १९४० च्या दशकात ट्रम्पेट वाजवणारा गोवेकर, स्वतःचा बँड होता, आणि सी. रामचंद्रांकडे सिनेमासाठीही काम केलं. त्या काळातल्या सिनेमाच्या रेकॉर्डवर वाद्यवृंदातल्या वादकांची नावं सहसा नसतात, म्हणून बँडच्या नावावर निघालेल्या वेगळ्या काढून ठेव. सापडली तर लेबलचा फोटो इथं टाक, क्रमांकावरून साल लावून बघू.